घर टॅक्सच्या बिलातले रकाने

नगरपरिषदेचे मागणी बिल हातात पडले की नजर आधी तळाशी जाते. एकूण किती, मागची थकबाकी किती, शास्ती किती लागली. बल्लारपूरच्या वस्त्यांमध्ये असो की वरोरा-मूलमध्ये, घर टॅक्स समजून घेणे म्हणजे बहुतेकांच्या लेखी एवढेच. मधले रकाने वाचायला कुणी थांबत नाही. पण या कराचे कूळ त्याच रकान्यांत आहे. एकेक रकाना वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजेतून जन्मला आणि पुढे कुणी तो पुसला नाही.

सुरुवात काळी आणि पांढरीपासून करावी लागते. पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, भागात राज्य गोंड राजांचे होते तेव्हा आणि पुढे नागपूरकर भोसल्यांचे आले तेव्हाही सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग काळीतून येई. मग प्रश्न उरे तो शेती न करणाऱ्यांचा. कोष्टी, तेली, वाणी, सोनार हे पांढरीवर राहणार, तिथेच कमावणार. त्यांच्याकडून काय घ्यायचे? भोसल्यांच्या राज्यात या लोकांवर ऐपत पाहून जो कर बसे, त्याचे नावच ‘पांढरी’ होते. पुढे १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले, राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला. इंग्रजांनी हा कर मोडला नाही. १८६७ मध्ये त्याला कायद्याचे रूप दिले. चांद्याची नगरपालिकाही १८६७ चीच. म्हणजे जुना पांढरीचा कर कागदावर पक्का होत होता, त्याच वेळी त्याची जागा पुढे घेणारी संस्थाही जन्माला येत होती.

मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराच्या, गावात राहणाऱ्या कुळाला आबादीतली घराची जागा भाड्याविना मिळे. त्यामुळे या मुलखातल्या जुन्या माणसाच्या मनात ‘राहत्या घरावर कर कशाला’ हा प्रश्न सहज उठतो आणि त्यात अडाणीपणा काही नाही. शेतावर सारा असतो, कारण शेत पिकते. राहते घर काय पिकवते? १८१० च्या अखेरीस काशीत नेमक्या याच करावरून लोक दुकाने आणि धंदे बंद करून हजारोंनी धरणे धरून बसले होते. कंपनी सरकारने घराच्या वार्षिक भाड्याच्या हिशेबाने पट्टी बसवली होती. ती त्याला मागे घ्यावी लागली.

भाड्याचा हा हिशेब मात्र टिकला. घर टॅक्स समजायला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. इंग्लंडमध्ये १६०१ च्या कायद्याने गरिबांच्या पोषणासाठी गावकऱ्यांवर पट्टी बसली. कुणाची किती, हे ठरवायला १८३६ मध्ये एक माप कायद्यात आले: ही मालमत्ता वर्षाच्या कराराने भाड्याने दिली तर वाजवी भाडे किती येईल? घरात मालक स्वतः राहत असला तरी कायदा तिथे एक भाडेकरू कल्पितो. हे माप पुढे हिंदुस्थानातल्या नगरपालिका कायद्यांत उतरले. आज महाराष्ट्रातल्या नगरपरिषदा ज्या कायद्याने चालतात त्या १९६५ च्या अधिनियमातही ते कलम ११४ मध्ये आहे. अपेक्षित वार्षिक भाड्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा केले की उरते ते करयोग्य मूल्य.

एक नुसते उदाहरण घेऊ. घराचे अपेक्षित भाडे महिन्याला १,००० रुपये धरले तर वर्षाचे १२,०००. त्यातून १,२०० वजा. करयोग्य मूल्य १०,८००. पुढचे सगळे रकाने या आकड्याच्या टक्क्यांनी भरतात. म्हणून हा आकडा चुकला की बिलातली प्रत्येक ओळ चुकते. तो ठरतो घराचे मोजमाप, बांधकामाचा प्रकार, वय, वापर आणि परिसर यांवरून. आरसीसी की विटा-मातीचे, स्लॅब की टिन की कौल, स्वतः राहता की समोरच्या खोलीत दुकान काढले आहे, हे सगळे आकारणीच्या यादीत नोंदलेले असते. तुमचे कौलारू घर यादीत स्लॅबचे दाखवले असेल तर त्याची भरपाई तुम्ही दर वर्षी करत राहता.

आता रकाने. थोड्याफार फरकाने ते सगळ्याच नगरपरिषदांच्या बिलांत सारखे असतात. सामान्य कर, दिवाबत्ती, पाणी आणि सफाई हे जुने भाऊबंद. १९६५ च्या कायद्याने त्यांची मोट एकत्रित मालमत्ता कर म्हणून बांधली, तरी त्यांची वेगळी नावे सुटली नाहीत. दिवाबत्ती कराचा जन्म रस्त्यावरच्या रॉकेलच्या कंदिलातला. सफाई कराचा जन्म मात्र सांगताना जीभ जड होते. शहरांत टोपलीचे संडास होते. त्यातला मैला रोज उचलून नेणाऱ्या माणसांची मजुरी निघावी म्हणून घरामागे पट्टी बसवली गेली. ती माणसे कोणत्या जातीची असत हे सांगायला नको. घरमालकाने वर्षाला काही रुपये भरायचे आणि त्या बदल्यात दुसऱ्या कुणाचा तरी जन्म डोक्यावरच्या टोपलीखाली जायचा, हा व्यवहार नगरपालिकेच्या कागदावर एका साध्या रकान्यात बसत होता. कोरडे संडास आणि मैला उचलण्याचे काम कायद्याने बंद झाले ते थेट १९९३ मध्ये. २०१३ मध्ये पुन्हा आणखी कडक कायदा करावा लागला. या रकान्यात आज घंटागाडीचा आणि नाली उपसणाऱ्यांचा खर्च आहे. नालीत उतरणाऱ्या माणसाला हातमोजे आणि बूट मिळतात की नाही, हे विचारण्याचा हक्क तो रकाना भरणाऱ्या प्रत्येकाला आहे, असे मी मानतो.

त्याखालचा शिक्षण कर नगरपरिषदेचा नाही. १९६२ च्या राज्य कायद्याने तो आला. नगरपरिषद फक्त वसूल करते आणि शासनाकडे भरते. दुकान, कारखाना, लॉज अशा अनिवासी इमारतींच्या बिलात त्याच्या शेजारी रोजगार हमी कर दिसतो. ही ओळ मला फार मोलाची वाटते. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापुरात, मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात या कल्पनेने लाखो हातांना काम दिले, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. कोरडवाहू खेड्यातल्या मजुराची हमी शहरातल्या कमाईतून उभी राहावी म्हणून हा कर शहरी दुकानावर आला. बल्लारपूरच्या बाजारातला दुकानदार तो भरतो तेव्हा तो त्या दुष्काळाच्या हिशेबात आजही वाटेकरी असतो.

वृक्ष कर १९७५ च्या कायद्यातला. ज्या गावाचा कागद कारखाना चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानातल्या बांबूवर वाढला, त्या गावाने झाडासाठी वेगळा पैसा काढावा यात मला काही गैर वाटत नाही. अग्निशमनाचा रकाना २००६ च्या कायद्यामागून आला. मे २०२२ मध्ये पेपर मिलच्या कळमना भागातल्या लाकडांच्या डेपोला आग लागली आणि आजूबाजूच्या शहरांतून बंब आणावे लागले. ज्यांनी ती आग पाहिली त्यांना या रकान्याचे कारण समजावून द्यावे लागणार नाही.

हे सगळे रकाने असूनही बरीच वर्षे नगरपरिषदांचे पोट जकातीवर भरत होते. नाक्यावर पैसा रोज यायचा आणि घरोघरी वसुलीला जायची निकड नसायची. १ मे १९९९ पासून नगरपरिषदांची जकात बंद झाली. बदल्यात शासनाचे अनुदान आले, पण स्वतःचे म्हणावे असे मोठे उत्पन्न घर टॅक्सचेच उरले. वसुली मोहिमा, मार्च एंडची धावपळ, जप्तीच्या नोटिसा, वेळेत न भरलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती, यांचा जोर त्यानंतर वाढला.

बल्लारपूरसारख्या गावात आणखी एक अडचण आहे. १९२९ मध्ये काझीपेठकडचा मार्ग जोडला गेला आणि इथले बल्लारशाह स्टेशन उत्तर-दक्षिण रेल्वेचे मोठे ठाणे झाले. रेल्वेची जमीन, क्वार्टर्स, इमारती हे सगळे केंद्राचे, आणि संविधानाच्या अनुच्छेद २८५ मुळे केंद्राच्या मालमत्तेवर स्थानिक कर बसत नाही. कराऐवजी सेवाशुल्क घ्यायचे. २००९ मध्ये राजकोट महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे त्याचे प्रमाण ठरले: सर्व सेवा घेतल्या तर कराच्या ७५ टक्के, काही घेतल्या तर ५०, काहीच नाही घेतल्या तर ३३⅓ टक्के. म्हणजे गावाचा मोठा तुकडा पूर्ण कर देतच नाही आणि भार खाजगी घरांवर सरकतो. ही गोष्ट बल्लारपूरच्या करदात्याला ठाऊक असायला हवी.

आणि एक गैरसमज. टॅक्स पावती जपून ठेवणारे अनेकजण तिला मालकीचा पुरावा समजतात. नझूलच्या, म्हणजे सरकारी, जागेवर किंवा नियमित न झालेल्या वस्तीत राहणारी कुटुंबे तर ती पावती देवघरात ठेवतात. ती पावती ताबा आणि वास्तव्य दाखवायला उपयोगी पडते, पण मालकी सिद्ध करत नाही. त्यासाठी खरेदीखत, पट्टा, नझूलची नोंद लागते. कर घेतला म्हणून नगरपरिषदेने घर तुमचे मानले असे होत नाही. वारस नोंद किंवा खरेदीनंतरचा फेरफार वर्षानुवर्षे न करणारे पुढे याच ठिकाणी अडकतात.

कायद्याने साधारण दर चार वर्षांनी नवी आकारणी होते. त्या वेळी यादी लोकांना पाहायला खुली असते, हरकतींची मुदत जाहीर होते, सुनावणी होते. घराची मोजमापे बरोबर आहेत का, बांधकामाचा प्रकार खरा लिहिला आहे का, शेजारच्या तशाच घराला कमी भाडे का धरले, हे विचारायची जागा ती. बिल आल्यावर खिडकीवर घातलेल्या वादापेक्षा त्या मुदतीत दिलेला एका पानाचा अर्ज कितीतरी जास्त काम करतो.

पुढचा बदल दारात आहे. कायद्यात आता भाड्याऐवजी भांडवली मूल्यावर, म्हणजे रेडीरेकनरच्या दरावर, कर लावण्याचीही मुभा आहे. मुंबईने २०१० पासून तो मार्ग घेतला आणि त्याच्या काही नियमांवरची भांडणे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. बल्लारपुरात तसे झाले तर कल्पिलेला भाडेकरू जाईल आणि त्याच्या जागी कल्पिलेला गिऱ्हाईक येईल. खाणीतून किंवा मिलमधून निवृत्त झालेल्या माणसाने चाळीस वर्षांपूर्वी बांधलेल्या दोन खोल्यांचा रेडीरेकनर रस्ता रुंद झाल्यावर वाढू शकतो. त्याची पेन्शन त्या रस्त्याबरोबर वाढत नाही. त्या माणसासाठी सवलतीची तरतूद आकारणीच्या आधी ठरवायला हवी, हरकतींची मुदत संपल्यावर नव्हे.