अडीच वर्षांनी पुन्हा आकाशात: राइट बंधूंचा 'गॅप' काय शिकवतो?

"मध्ये दोन-अडीच वर्षांचा गॅप पडलाय, आता जमेल का?" संशोधनाकडे वळू पाहणारे विद्यार्थी हा प्रश्न हमखास विचारतात. अशाच एका गॅपच्या तारखा विमानांच्या इतिहासात अगदी नेमक्या नोंदलेल्या आहेत, आणि गॅप पडलेली माणसं साधीसुधी नव्हेत, खुद्द राइट बंधू आहेत.

५ ऑक्टोबर १९०५ला विल्बर राइटने ओहायोतल्या हफमन प्रेअरीच्या कुरणावर सुमारे ३९ मिनिटं विमान हवेत ठेवलं. तेव्हा जगात दुसऱ्या कुणाला याच्या जवळपासही जाता येत नव्हतं. त्याच महिन्यात, १६ ऑक्टोबरला, एक छोटं उड्डाण झालं आणि मग सगळं बंद. पुढचं उड्डाण थेट ६ मे १९०८ला. म्हणजे अडीच वर्षांहून जास्त काळ दोघं भाऊ जमिनीवरच होते.

का? तर पेटंट हातात नव्हतं (ते मे १९०६मध्ये मिळालं) आणि खरेदीचा करारही नव्हता. यंत्र लोकांसमोर उडवलं तर कुणीही त्याची नक्कल करेल, ही धास्ती होती. या काळात ते रिकामे बसले नव्हते. नवी इंजिनं आणि यंत्रं बनवली, सरकारांशी पत्रव्यवहार केला, युरोपच्या वाऱ्या केल्या. पण उडवलं काहीच नाही. तिकडे पॅरिसमध्ये १९०६च्या नोव्हेंबरात सांतोस-द्युमाँ यांनी २२० मीटरचं उड्डाण केलं आणि युरोपात त्यांचाच जयजयकार झाला. म्हणजे गॅपची किंमत चांगलीच मोजावी लागत होती.

१९०८च्या सुरुवातीला अमेरिकी सैन्याशी आणि पाठोपाठ एका फ्रेंच गटाशी करार झाला. दोन्हीकडे विमानाने दोन माणसं वाहून दाखवायची होती. म्हणून जुन्या १९०५च्या यंत्रातच बदल केले. आधी वैमानिक पोटावर झोपून उडवायचा आणि कंबर हलवून पंख पिळायचा. आता दोघांना बसायला जागा केली आणि पंखांचं नियंत्रण हाताच्या दांड्यांवर आणलं. जाहीर प्रात्यक्षिकाआधी हात बसावा म्हणून दोघं पुन्हा किटी हॉकच्या वाळूत गेले. तिथली जुनी शेड मोडून पडली होती. आधी शेड उभारा, मग सराव!

६ मेपासून उड्डाणं सुरू झाली, दिवसागणिक लांब होत गेली. १४ मे रोजी त्यांचा मेकॅनिक चार्ली फर्नास हा विमानातला पहिला प्रवासी ठरला. त्याच दिवशी विल्बर एकटाच वर गेला, सात मिनिटांहून जास्त उडाला आणि मग उंची सांभाळायची दांडी चुकीच्या दिशेला ढकलली. विमान नाकावर आपटलं. विल्बर खरचटण्यावर वाचला, पण यंत्राचे तुकडे झाले आणि सराव तिथेच संपला.

आता खरा प्रश्न. हा अपघात गॅपमुळे झाला का? पटकन 'हो' म्हणावंसं वाटतं. पण थांबा. ६ मे १९०८ला एक नाही, दोन गोष्टी बदललेल्या होत्या: मध्ये काळ गेला होता आणि नियंत्रणाची पद्धतही नवी होती. दोन चलं एकदम बदलली की परिणामाचं खापर एकावर फोडता येत नाही. त्यातून विल्बर पहिल्या दिवशी नव्हे, तर आठवडाभर नीट उडून झाल्यावर पडला. तोल सांभाळायचं मूळ कौशल्य शाबूत होतं, दगा दिला तो दांडीच्या दिशेने, असं म्हणायला इथे जागा आहे. मानसशास्त्रात याला 'नकारात्मक संक्रमण' म्हणतात: जुनी सवय नव्या कामात आडवी येते. अर्थात एका माणसाच्या एका अपघातावरून हे सिद्ध होत नाही, फक्त गृहीतक म्हणून उभं राहतं.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ८ ऑगस्टला, याच विल्बरने फ्रान्समध्ये ल माँजवळ १ मिनिट ४५ सेकंद उडून शंकेखोरांची तोंडं बंद केली. ३१ डिसेंबरपर्यंत तो सलग २ तास २० मिनिटांवर पोचला होता.

ऑर्व्हिलची गोष्ट वेगळी. १७ सप्टेंबर १९०८ला फोर्ट मायर इथे त्याचं विमान कोसळलं आणि लेफ्टनंट सेल्फ्रिज यांचा जीव गेला. पण तिथे पंख्याचं पातं तडकलं होतं. अपघात म्हणून दोन्ही एकाच रकान्यात टाकले, तर विश्लेषणच चुकेल. जबर जखमी झालेला ऑर्व्हिल १९०९मध्ये त्याच मैदानावर परत आला आणि चाचण्या पूर्ण करून गेला.

मग १९११. ऑक्टोबरात ऑर्व्हिल किटी हॉकला इंजिन नसलेलं ग्लायडर घेऊन गेला. नवं स्थिरक तपासायचा बेत होता, पण पत्रकार घुटमळत होते म्हणून तो गुंडाळला आणि ग्लायडिंगच केलं. २४ तारखेला तो ९ मिनिटं ४५ सेकंद हवेत तरंगला. हा विक्रम सुमारे १० वर्षं टिकला, १९२१मध्ये जर्मनीत मोडला. गंमत अशी, की ग्लायडिंगमध्ये त्याला आठ वर्षांचा गॅप होता, उडण्यात मात्र नव्हता. म्हणजे 'गॅप' हा शब्द वापरण्याआधी 'कशात?' हे विचारायलाच हवं.

आजचे हौशी वैमानिकांचे नियम हाच फरक ओळखतात. अमेरिकेत खासगी वैमानिकाचं प्रमाणपत्र कालबाह्य होत नाही. पण प्रवासी न्यायचे तर गेल्या ९० दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन उतरणी झालेल्या हव्यात, आणि दर २४ महिन्यांनी प्रशिक्षकासोबत उजळणी. पात्रता राहते, सराव मात्र नव्याने दाखवावा लागतो.

तेव्हा गॅप असेल तर दोन याद्या करा: मी काय विसरलो, आणि मी नसताना काय बदललं. पहिलीवरचं बरंचसं सरावाने परत येतं. दुसरी मात्र मुद्दाम बसून शिकावी लागते, आणि तीही प्रवासी बसवण्याआधी.