गोठलेल्या पाण्यावरील अंगण

हॉकी म्हटले की भारतीय श्रोत्याच्या डोळ्यांपुढे मैदान येते आणि मेजर ध्यानचंदांची आठवण जागी होते. कॅनडातील माणसाला मात्र त्याच शब्दाने गोठलेले तळे आठवते. पायांतील बुटांना पोलादी पाती, हातात लांब दांड्याची काठी, आणि चेंडूच्या जागी रबराची काळी चपटी चकती, असा तो खेळ. ज्या देशात नद्या आणि तळी हिवाळ्यात दगडासारखी घट्ट होतात, त्या देशाने थंडीलाच आपली खेळगडी केले.

या खेळाचा कोणी एकच जनक दाखविता येत नाही. ब्रिटिश बेटांतून आलेल्या सैनिकांनी व वसाहतवाल्यांनी काठीचेंडूचे आपले जुने खेळ बरोबर आणले. अटलांटिक किनाऱ्यावरील नोव्हा स्कोशिया प्रांतात मिकमॅक या मूळ रहिवाशांचे कारागीर झाडाच्या बुंध्यामुळाचा नैसर्गिक बाक साधून एकसंध काठ्या घडवीत. त्याच प्रांतातील डार्टमथच्या कारखान्यात १८६० नंतरच्या दशकात तरफेच्या दाबाने बुटाला चटकन बसणारी पाती निघू लागली.

३ मार्च १८७५ रोजी माँट्रियल शहरातील व्हिक्टोरिया रिंक या इमारतीत हॅलिफॅक्सच्या जेम्स क्रायटन यांच्या पुढाकाराने नऊ-नऊ गड्यांचा एक सामना झाला. प्रेक्षकांना इजा होऊ नये म्हणून चेंडूऐवजी लाकडी चकती वापरण्यात आली. बंदिस्त जागेतील संघटित हॉकीचा इतिहास या सामन्यापासून मोजतात. पुढे १८९२ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांनी विजेत्यांसाठी चषक दिला. छपराखाली गेलेल्या या खेळाला नियम लाभले, तिकिटे लाभली, कीर्ती लाभली.

परंतु आनंदाचे मूळ ठाणे उघड्यावरच राहिले. अजूनही कडाक्याची थंडी पडली की घरामागच्या अंगणात बाप रात्री नळीने पाणी शिंपडतो. एक थर गोठला की त्यावर दुसरा. विख्यात खेळाडू वेन ग्रेट्स्की ब्रँटफर्ड गावी वडिलांनी केलेल्या अशाच अंगणात घडला. तळ्यावरील साध्या खेळाला 'शिनी' म्हणतात. सर्वांनी आपापल्या काठ्या एका ढिगात टाकावयाच्या, एकाने त्या दोन बाजूंना वाटावयाच्या, की झाले दोन संघ! बुटांची जोडी ठेवली की गोल तयार. पंच नाही, घड्याळ नाही. अंधाराने चकती दिसेनाशी झाली की खेळ संपतो.

हे सुख सर्व नागरिकांना मिळावे, याचे उत्तम उदाहरण ओटावा या राजधानीत आहे. तेथील रिडो कालवा १८३२ मध्ये खुला झाला तो अमेरिकेशी पुन्हा युद्ध जुंपल्यास लष्करी रसद सुरक्षित जावी म्हणून. १९७१ च्या जानेवारीत त्याच्या गोठलेल्या पृष्ठावरील बर्फ झाडून लोकांसाठी घसरण्याचा मार्ग करण्यात आला. आज तो ७.८ किलोमीटर लांबीचा आहे. कारकून पिशवी पाठीवर टाकून त्यावरून कचेरीला जातो, आई लेकराला ढकलगाडीत घालून नेते. युद्धाच्या धास्तीने खणलेले पाणी असे लेकुरवाळे झाले.

उघड्या आकाशाची ओढ व्यावसायिक खेळालाही सोडीना. २२ नोव्हेंबर २००३ रोजी एडमंटन येथे माँट्रियल आणि एडमंटन यांचा साखळी सामना उघड्या क्रीडागारात झाला. पारा शून्याखाली अठरा अंशांच्या आसपास होता, तरी सत्तावन्न हजारांहून अधिक लोक बसून राहिले.

मात्र या अंगणाचा धनी हिवाळा आहे, आणि तो बदलत आहे. कालव्यावर माणसे सोडण्यापूर्वी सुमारे तीस सेंटिमीटर जाडीचा टणक बर्फ लागतो. २०२२-२३ च्या हिवाळ्यात तो तयारच झाला नाही आणि १९७१ पासून प्रथमच मार्ग संपूर्ण हंगामभर बंद राहिला. पुढच्या वर्षी तो उघडला, पण थोड्याच दिवसांपुरता. बंदिस्त रिंकमध्ये यंत्राने बर्फ गोठविता येतो आणि खेळ चालू ठेवता येतो. मात्र तळ्यावरचा वारा, पायाखाली बर्फ तडकल्याचा तो गंभीर नाद आणि अनोळखी मुलांचा एका ढिगातून झालेला संघ छपराखाली आणता येत नाही. २०२५ च्या जानेवारीत थंडी पुन्हा पडली, कालवा उघडला आणि तो अनेक आठवडे गजबजला. पूर्वी जी गोष्ट ऋतुक्रमाने ठरलेलीच असे, तिची लोक आता वाट पाहू लागले होते.