तालमीतून हॉलमध्ये : घरातल्या 'चालायच्या मशीन'ची गोष्ट

सेकंडहँड वस्तूंच्या ग्रुपवर एक जाहिरात अधूनमधून दिसतेच. "ग्लायडर मशीन, फार कमी वापरलेली, घरात जागा नसल्याने देणे आहे." कधी सिडको, कधी गारखेडा, कधी बीड बायपास. पत्ता बदलतो, मजकूर तोच. खाली हसणारे इमोजी आणि "आमच्याकडे त्यावर टॉवेल वाळतात" अशी एखादी कॉमेंट. हसून सोडून द्यावं असं हे प्रकरण नाही, म्हणून लिहितोय.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी : लोखंडी सांगाडा, झोपाळ्यासारख्या लोंबत्या दोन पट्ट्यांवर पाय, हातात दोन दांडे. एक पाय पुढे गेला की दुसरा मागे. पाय पट्टीवरून उचलायचाच नसतो, त्यामुळे गुडघ्याला दणका नाही. मोटर नाही, वीज नाही. 2005 नंतरची मराठवाड्यातली लोडशेडिंगची वर्षं आठवा, म्हणजे वीज न लागण्याची किंमत कळेल. (जाहिरात बघायला मात्र टीव्हीला वीज लागायची.) ही यंत्रं आपल्याकडे आली ती टेलिशॉपिंगवरून. दुपारी नाहीतर मध्यरात्री, डब केलेल्या हिंदीत. आधीचं पोट, नंतरचं पोट, आणि खाली फोन नंबर.

त्याआधी व्यायाम ही घरात करायची गोष्टच नव्हती का? आपल्याकडे व्यायाम म्हणजे तालीम, आखाडा, मैदान. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं. त्याच्या पथकाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले खेळ करून दाखवले. पुण्यात 1924 मध्ये कॅप्टन दामल्यांचं महाराष्ट्रीय मंडळ उभं राहिलं. आपल्या मराठवाड्यात तर निजामी राजवटीत आर्य समाजाच्या आखाड्यांवर सरकारची नजर असायची. चार पोरं एकत्र जोर मारतात, यातही सत्तेला राजकारण दिसत होतं. आणि ते चुकीचंही नव्हतं. व्यायाम चारचौघांतला होता, गावाच्या मालकीचा होता.

पण त्या लाल मातीत उतरायचं कोणी? पुरुषांनी. बहुतेक तालमींत बाईला दार नव्हतं. हे आपण तालमीचं कौतुक करताना सोयीस्कर विसरतो.

याला एक मोठा अपवाद म्हणजे औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. त्यांनी सूर्यनमस्कार शाळांत नेले आणि बायकांनीही ते घालावेत असा आग्रह धरला. 1938 साली त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनला निघालं. जागा सतरंजीएवढी, साहित्य शून्य, खर्च शून्य. घरच्या घरी तंदुरुस्तीची आपली पहिली खरी मोहीम ही, टेलिशॉपिंगच्या साठेक वर्षं आधीची.

उलट ट्रेडमिलचं मूळ बघा. 1818 च्या सुमारास विल्यम क्युबिट या इंग्रज इंजिनिअरने कैद्यांसाठी पायऱ्यांचं मोठं चाक आणलं. कैदी तासन् तास पायऱ्या चढायचे, पोहोचायचे कुठेच नाहीत. ऑस्कर वाइल्डलाही ते चढावं लागलं. 1898 च्या कायद्याने इंग्लंडमध्ये ही शिक्षा संपली. आज त्याच नावाच्या मशीनचे आपण हप्ते भरतो.

शिक्षा असलेली गोष्ट औषध कशी झाली? 1953 मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या डबलडेकर बसवरचा अभ्यास छापला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी. बसून राहणं हाच आजार, ही कल्पना तिथून पक्की होत गेली.

आता आपल्या घरात या. 2024 मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार भारतात पुरेशी हालचाल न करणारे पुरुष 42 टक्के, तर बायका 57 टक्के. कारणं शोधायला संशोधक कशाला हवेत? आपल्या शहरात फुटपाथ शोधून दाखवा. पहाटे साडेपाचला एकटी बाई विद्यापीठाच्या रस्त्यावर निवांत चालेल का? आणि पाणी आलं त्या दिवशी तर मोटर चालू करायची, टाक्या भरायच्या, की फिरायला जायचं? ग्लायडर नेमका इथे घुसला. सासू देवपूजेत आहे, कुकरच्या दोन शिट्ट्या व्हायच्यात, तेवढ्यात दहा मिनिटं. ट्रॅक पँट नको, कोणाच्या नजरा नकोत. हसणाऱ्या इमोजीवाल्यांना हे दिसत नाही, कारण ते स्वतः सकाळी सिद्धार्थ उद्यानात जाऊ शकतात.

मग मशीन विकायला का निघतं? एक कारण यंत्रातच आहे. झोका एकदा लागला की शरीर नुसतं लोंबतं, मेहनत झोकाच करतो. थोडं जोर लावून, दांडे ओढत-ढकलत, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतका दम लागेपर्यंत चालवलं तरच उपयोग. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटं सांगते, शिवाय दोन दिवस स्नायूंचा व्यायाम.

दुसरं कारण जाहिरातीतलं पोट. महिन्यात वजनकाटा हलला नाही की मशीन कोपऱ्यात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट'ने छापला होता. दोघांचा बीएमआय 22.3. चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. आपण काट्यावर बारीक दिसतो आणि आत चरबी बाळगतो. म्हणून काटा हलला नाही तरी जिना चढताना दम कमी लागत असेल, तर मशीन काम करतंय. विकू नका.

गंमत म्हणजे हाच ग्लायडर आता बागेत आलाय. ओपन जिममध्ये 'एअर वॉकर' म्हणून जे लटकतं, ते हेच, वर निधी देणाऱ्याच्या नावाची पाटी. साडीतल्या, बुरख्यातल्या, पंजाबी ड्रेसमधल्या बायका शेजारी शेजारी झुलत गप्पा मारतात. तालमीत जे कधी झालं नाही ते इथे होतंय. तुमच्या भागातल्या एअर वॉकरची बेअरिंग शाबूत आहेत का, रात्री तिथे दिवा लागतो का, बागेचं फाटक सकाळी किती वाजता उघडतं, एवढं कॉमेंटमध्ये टाका. वॉर्डवार यादी करतो.