हायपर की हायपो? एका स्वराचा घोळ

आधी माझी फजिती सांगते, कारण परदेशात आजी-आजोबांसाठी दुभाषेपण करणाऱ्या तुमच्यापैकी कुणावरही ही वेळ येऊ शकते.

आजी दोन महिन्यांसाठी माझ्याकडे इंग्लंडला आली होती. तिला मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. एका संध्याकाळी तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. मी फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, हा ‘हायपो’ वाटतोय. मला ऐकू आलं ‘हायपर’. साखर वाढली असं समजून मी आजीच्या हातातला गोड चहा काढून घेतला. ती म्हणाली, ‘‘अगं, साखर उतरलीये माझी, दे तो इकडे!’’ मीटरने तिचंच बरोबर ठरवलं.

इंग्लंडमध्ये बरेच लोक शब्दाच्या शेवटचा ‘र’ उच्चारतच नाहीत. मग हायपर आणि हायपो यांत उरतो फक्त एका स्वराचा फरक. आणि उपाय मात्र अगदी उलटे!

इतके सारखे शब्द कुणी ठेवले? कुणी मुद्दाम नाही. ग्रीकमध्ये ‘हुपेर’ म्हणजे वर आणि ‘हुपो’ म्हणजे खाली. आता सुरुवातीचा ‘ह’ काढून बघा. ओळखीचं वाटतंय ना? आपले ‘उपरि’ आणि ‘उप’! ‘उपर्युक्त’ म्हणजे वर सांगितलेलं. ‘उपप्राचार्य’ म्हणजे प्राचार्यांच्या हाताखालचे. लॅटिनमधले ‘सुपर’ आणि ‘सब’ याच घरातले, इंग्रजी ‘ओव्हर’सुद्धा.

मात्र इथे ‘बघा, सगळं संस्कृतातूनच गेलं’ असं म्हणायची घाई नको. 1786 मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्सने मांडलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एकच असावं, आणि ती मूळ भाषा कदाचित आता उरलेलीही नसेल. म्हणजे या भाषा बहिणी. कुणी कुणाची आई नव्हे.

ग्रीक वैद्यांसाठी ‘हुपो’चा अर्थ अगदी साधा होता: शरीरातली खालची जागा. ‘खोंद्रोस’ म्हणजे कूर्चा. बरगड्यांच्या कूर्चेखालचा पोटाचा भाग तो ‘हुपोखोंद्रिया’. उदासी तिथूनच उगवते अशी समजूत होती. पुढे ती जागा बाजूला पडली आणि हायपोकॉन्ड्रिया म्हणजे आपण आजारीच आहोत ही सततची धास्ती, असा अर्थ उरला.

19व्या शतकात वैद्यक मोजमापाकडे वळलं, तसे हे उपसर्गही सरकले. ‘वर’चा झाला ‘प्रमाणापेक्षा जास्त’, ‘खाली’चा झाला ‘कमी’. ‘ग्लुकुस’ म्हणजे गोड, ‘हायमा’ म्हणजे रक्त. पुढे हायपर किंवा हायपो लावा, की निदान तयार.

पण आजीला झाला तसा हायपो घरोघरी पोहोचला तो इन्सुलिनमुळे. त्याआधी मधुमेहात खरी भीती होती वाढलेल्या साखरेची. 1921-22 च्या हिवाळ्यात टोरंटोत सशांना इन्सुलिन टोचलं जात होतं. मात्रा जास्त झाली की ससे झटके येऊन पडायचे. ग्लुकोज दिलं की उठून बसायचे. जानेवारी 1922 मध्ये लेनर्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन मिळालं. ज्या औषधाने जीव वाचू लागले, त्याच औषधाने हा नवा धोकाही आणला. 1924 मध्ये अमेरिकन डॉक्टर सील हॅरिस यांनी दाखवलं, की बाहेरून इन्सुलिन न घेताही, शरीरच जास्त इन्सुलिन बनवत असेल तर साखर उतरते. त्यांनी त्याला नाव दिलं ‘हायपरइन्सुलिनिझम’. म्हणजे एका गोष्टीचा हायपर आणि त्यातून दुसऱ्या गोष्टीचा हायपो!

मूळ ग्रीक अर्थ कळला म्हणून ऐकण्यातली चूक टळत नाही, हे मी अनुभवलंय. त्यामुळे फोनवर हा शब्द आला, की न लाजता विचारा, ‘‘हाय का लो?’’ आणि घरी मराठीत सांगताना सरळ म्हणा: साखर वाढलीये, किंवा उतरलीये. आजीने त्या दिवशी हेच केलं होतं. ऐकायचं राहिलं होतं ते माझं.