रस्ता सांगा, दाखवा की शिकवा?

मागच्या व्याख्यानानंतर एक प्रश्न आला होता. परक्या शहरात स्टेशनचा रस्ता विचारताना इंग्रजीत 'टेल मी' म्हणायचं की 'शो मी'? आजचा वापर सोपा आहे. तोंडी माहिती हवी असेल तर 'टेल'; नकाशावर बोट ठेवून किंवा सोबत चालून हवी असेल तर 'शो'. 'से मी' मात्र नाहीच. आपण तरी 'मला रस्ता म्हणा' कुठे म्हणतो? पण हा भेद इंग्रजीत पहिल्यापासून होता का, ते आज पाहू.

'टेल' हे मूळचं मोजण्याचं क्रियापद. बँकेत पैसे मोजणारा तो 'टेलर', ही त्याची उरलेली खूण. (शिंप्याशी याचा काही संबंध नाही!) एकेक वस्तू मोजता मोजता एकेक गोष्ट क्रमाने सांगणं, असा अर्थ सरकत गेला. 'शो'ने तर तोंडच फिरवलं. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता स्वतः पाहणं. १२००च्या सुमारास तो दुसऱ्याला पाहायला लावणं असा झाला. आपण देखणे आणि दाखवणे अशी दोन रूपं ठेवली, त्यांनी एकालाच उलटं केलं. शिवाय १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये हेच 'शो' अनेक ठिकाणी नुसत्या तोंडी सांगण्यासाठी येतं. म्हणजे आज वर्गात घोटून घेतात तो काटेकोर भेद तेव्हा नव्हता.

आम्हाला खरी गंमत वाटते ती 'टीच'ची. जपानीत शिकवणं आणि रस्ता सांगणं या दोन्हींना 'ओशिएरु' हे एकच क्रियापद चालतं. त्यामुळे जपानी विद्यार्थी 'टीच मी द वे' लिहितो आणि त्यावर लाल रेघ पडते. पण जुन्या इंग्रजीत 'टीच'चा अर्थच मुळी दाखवणं, खूण करून देणं हा होता, आणि वाटसुद्धा 'टीच' केली जाई! ज्या मुळातून तो शब्द आला, त्याच मुळातून संस्कृतचा 'दिश्' धातू आला. आपली 'दिशा' त्यातलीच, आणि 'उपदेश'ही त्यातलाच.

चौदाव्या शतकातल्या 'पिअर्स प्लाउमन' या काव्यात यात्रेकरू सत्याच्या घराची वाट विचारतात, ती या तिन्हींपैकी एकही क्रियापद न वापरता. त्यांचं क्रियापद 'विसेन', म्हणजे जाणतं करणं; आपल्या 'विद्'च्या नात्यातलं. आज लंडनच्या चौकात ते कुणाला कळणार नाही.