पाण्यातून गाळलेला धूर

मागच्या रमजान ईदला माझ्या भाच्याचा लेस्टरहून व्हिडिओ कॉल आला. ईद मुबारक झालं, शीरखुर्म्याची चौकशी झाली, आणि बोलता बोलता त्याच्या तोंडातून पांढरा लोट निघाला. क्षणभर पडद्यावर त्याचा चेहराच दिसेना. मी म्हटलं, "अरे, तू सिगारेट सोडली होतीस ना?" तो हसला. म्हणाला, "मामू, हा धूर नाही, वाफ आहे. इथं सरकारच म्हणतं की सिगारेटपेक्षा ही बरी."

त्याला उपदेश करण्याचा अधिकार मला नव्हता. मी स्वतः तीस वर्षं सिगारेट ओढली. मुशायऱ्यात, कविसंमेलनात, नंतरच्या रात्री-अपरात्रीच्या गप्पांत ती बोटांत असायचीच. एकावन्नाव्या वर्षी सोडली. पण भाच्याचं वाक्य मनातून जाईना. 'धूर नाही, वाफ आहे.' हे आपण आधी कुठं तरी ऐकलंय असं वाटत राहिलं. मग इतिहासाची पानं चाळू लागलो, आणि लक्षात आलं की हे वाक्य चारशे वर्षांचं आहे.

मी सोलापूरचा. आमच्यापासून शंभरेक किलोमीटरवर विजापूर, म्हणजे आताचं विजयपूर. आदिलशाहीच्या या राजधानीत सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अकबराचा वकील असद बेग आला होता. शाहजादा दानियालसाठी इब्राहिम आदिलशहाची मुलगी मागितली होती, त्या कामासाठी. पोर्तुगीजांनी समुद्रमार्गे आणलेली तंबाखू तोवर दख्खनमध्ये रुळली होती. असद बेगला ती उत्तरेत कधी दिसली नव्हती. त्यानं बरोबर तंबाखू घेतली, रत्नजडित नळी करवून घेतली आणि 1604च्या सुमारास आग्र्याला बादशहापुढं ठेवली.

पुढं काय झालं ते त्यानंच लिहून ठेवलं आहे. अकबरानं कुतूहलानं दोन-चार झुरके घेतले. हकिमानं त्याला अडवलं. त्याचं म्हणणं असं की, ही वस्तू आमच्या ग्रंथांत नाही, तिची परीक्षा झालेली नाही, तेव्हा हुजुरांनी ती घेऊ नये. असद बेगनं उलट वाद घातला. फिरंगी काही मूर्ख नाहीत, आणि जगातली प्रत्येक रीत कधी तरी नवीनच होती, असं तो म्हणाला. अकबराला हा युक्तिवाद आवडला. त्याला स्वतःला सवय लागली नाही, पण सरदारांना लागली. थोड्याच दिवसांत व्यापारी तंबाखू विकू लागले.

नव्या वस्तूबद्दलचा आजचा सगळा वाद या एका प्रसंगात आला आहे. एक म्हणतो, परीक्षा होईपर्यंत थांबा. दुसरा म्हणतो, नवीन आहे म्हणून नाकारू नका. दोघांचंही म्हणणं खोटं नाही. वाद संपेपर्यंत बाजार मात्र थांबत नाही.

राजांनी बंदीचे उपायही करून पाहिले. त्याच 1604 साली इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजानं तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहिली आणि आयातकर चाळीस पटींनी वाढवला. इकडे 1617मध्ये जहांगीरनं तंबाखूवर बंदी घातली. तो स्वतः दारू आणि अफूच्या आहारी गेलेला, हा भाग वेगळा! इराणच्या शाह अब्बासनंही बंदी घातली होती. जहांगीरचा वकील खान आलम त्याच्या दरबारी गेला, तेव्हा तंबाखूवाचून त्याचा जीव कासावीस होऊ लागला. शेवटी शाह अब्बासनं त्याच्यापुरती बंदी सैल केली.

याच काळात हुक्का आला. धूर पाण्यातून घेतला की शुद्ध होतो, अशी समजूत पसरली. ही युक्ती अकबराच्या दरबारातल्या हकीम अबुल फतह गिलानींची, असं सांगतात. पण ते 1589मध्येच वारले, म्हणजे असद बेगच्या नळीच्या पंधरा वर्षं आधी. श्रेय कुणाचंही असो, समजूत टिकली. पाण्यामुळं धूर थंड होतो, घशाला बोचत नाही, म्हणून माणूस तो अधिक खोल आणि अधिक वेळ ओढतो. कोळशाचा विषारी वायू पाण्यात अडकत नाही. एका बैठकीत हुक्का ओढणारा शंभर किंवा त्याहून जास्त सिगारेटींइतका धूर आत घेऊ शकतो, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेनं 2005मध्ये दिला.

ही समजूत विसाव्या शतकात पुन्हा आली. 1950मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या दोन ब्रिटिश संशोधकांनी धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. लोक घाबरले. कंपन्यांनी उत्तर दिलं ते फिल्टरचं. तेव्हा अमेरिकेत फिल्टरच्या सिगारेटी अगदी तुरळक होत्या, 1960पर्यंत त्या निम्म्यावर गेल्या. 1952मध्ये आलेल्या 'केंट' सिगारेटच्या फिल्टरची जाहिरात आरोग्यरक्षक म्हणून होई. त्या फिल्टरमध्ये 1956पर्यंत ॲस्बेस्टॉस होतं, जे स्वतःच कर्करोगाला कारण होतं.

मग आल्या 'लाइट' सिगारेटी. फिल्टरला बारीक छिद्रं पाडायची, म्हणजे यंत्रावर मोजताना डांबर कमी भरतं. माणूस यंत्र नव्हे. त्याची बोटं आणि ओठ ती छिद्रं झाकतात आणि निकोटीन कमी पडलं की तो झुरका मोठा घेतो. 'लाइट' हा शब्द पाकिटावर छापायला युरोपीय संघानं 2003मध्ये आणि अमेरिकेनं 2010मध्ये मनाई केली. मीही काही वर्षं 'लाइट' ओढत होतो. त्या काळात माझं पाकीट संध्याकाळऐवजी दुपारीच संपायचं.

आता भाच्याच्या हातातली वस्तू. तंबाखू न जाळता ओढायचं साधन पेनसिल्व्हेनियातल्या हर्बर्ट गिल्बर्टनं 1963मध्येच मांडलं होतं. त्याला 1965मध्ये पेटंटही मिळालं, पण ते बनवायला कुणी पुढं आलं नाही. आजची ई-सिगारेट चीनमधल्या होन लिक या औषधशास्त्रज्ञानं 2003मध्ये घडवली. तो स्वतः भरपूर सिगारेट ओढायचा आणि त्याचे वडील फुफ्फुसाच्या कर्करोगानं गेले. बॅटरीनं तार तापते, निकोटीन मिसळलेल्या द्रवाची वाफ होते. काही जळत नाही, म्हणून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ नाही. हा फरक खरा आहे, हुक्क्याच्या पाण्यासारखा फसवा नाही. हे मला मान्य करावंच लागलं.

ब्रिटननं या फरकावर भिस्त ठेवली. सिगारेटपेक्षा धोका 95 टक्क्यांनी कमी, असं तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेनं 2015मध्ये जाहीर केलं. तो तज्ज्ञांचा अंदाज होता, मोजमाप नव्हतं. पण 2019मध्ये 886 जणांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ई-सिगारेट दिलेल्यांपैकी 18 टक्के वर्षभरानंतर सिगारेटमुक्त होते, निकोटीनच्या पट्ट्या, गोळ्या वगैरे दिलेल्यांपैकी 9.9 टक्के. म्हणजे उपयोग झाला. मात्र ई-सिगारेटच्या मदतीनं सुटलेल्यांतले 80 टक्के वर्षानंतरही वाफ ओढतच होते.

प्रौढ माणसं ही वस्तू प्रत्यक्षात कशी वापरतात, ते पाहू. तिथल्या ॲश या संस्थेच्या पाहणीनुसार ब्रिटनमध्ये 2012 साली ई-सिगारेटवाले प्रौढ सुमारे सात लाख होते, 2024मध्ये छप्पन्न लाख. त्यांतले निम्म्याहून थोडे अधिक सिगारेट सोडलेले. शंभरात आठ असे, ज्यांनी सिगारेट कधी ओढलीच नव्हती. आणि शंभरात एकोणचाळीस दोन्ही ओढणारे! घरात वाफ, बाहेर धूर. या लोकांच्या छातीत सिगारेटचा धूर जातोच आहे. खुद्द होन लिकनंही मुलाखतीत कबूल केलं होतं की तो मधूनमधून सिगारेट ओढतो.

आपल्या देशानं उलट मार्ग धरला. सप्टेंबर 2019मध्ये वटहुकूम आणि डिसेंबरमध्ये कायदा करून ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात बंद केली. कोवळ्या पोरांना नवं व्यसन लागू नये, हा हेतू चांगलाच आहे. पण 2016-17च्या देशव्यापी पाहणीत 28.6 टक्के प्रौढ तंबाखू घेत होते. 21.4 टक्के चघळणारे, विडी ओढणारे 7.7 टक्के आणि सिगारेटवाले 4 टक्के. आपल्याकडची खरी तंबाखू पुडीत आहे आणि विडीत आहे, आणि दोन्ही आजही कोपऱ्यावर मिळतात.

विडी मी जवळून पाहिली आहे. आमच्या गल्लीत दुपारी बायका मांडीवर सूप घेऊन बसायच्या. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. माझी खालाही त्यांत होती. तिच्या हातांचा वास आठवला की भूक आणि खोकला दोन्ही आठवतात. त्याच विड्या अब्बा ओढायचे. त्यांना कुणी फिल्टर दिला नाही, वाफ दिली नाही, आणि सोडायला मदतही केली नाही.

डॉलनं 1951मध्ये सुमारे चौतीस हजार ब्रिटिश पुरुष डॉक्टरांचा अभ्यास सुरू केला. त्याचा पन्नास वर्षांचा निष्कर्ष 2004मध्ये आला. आयुष्यभर सिगारेट ओढणारा सरासरी दहा वर्षं आधी जातो. पन्नाशीत सोडली तर त्यांतली सहा परत मिळतात. धूर गाळून किती वर्षं मिळतात, हे सांगणारा असा हिशेब मला हुक्क्याचाही सापडला नाही आणि फिल्टरचाही. वर्षं मिळाली ती सोडणाऱ्यांना.

म्हणून साधन किती शुद्ध, एवढंच विचारून भागत नाही. ते हाती आल्यावर जुनं सुटलं का, हे विचारावं लागतं. मी भाच्याला तसं विचारलं. तो जरा थांबला, मग म्हणाला, "सुटलीच आहे मामू. फक्त शनिवारी मित्रांबरोबर एखादी होते."

मी रागावलो नाही. माझेही असे पुष्कळ शनिवार झाले आहेत. एवढंच म्हटलं, "बेटा, वाफेवर आलास ते चांगलं केलंस. आता आधी तो शनिवार सोड, आणि मग एक दिवस वाफही."