भरावावरची घरं

१९२५, फेब्रुवारीचे शेवटचे दिवस. एकाच खोडातून कोरलेल्या होडीतून तुम्ही पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्यालगत, गार्दी सुगदुब बेटावर उतरता. वेताच्या भिंती, झावळ्यांची छपरं, आत टांगलेल्या झोळ्या. मुख्य भूमीवरच्या डासांना कंटाळून इथले मूळनिवासी, गुना लोक, पिढ्यांपूर्वी बेटावर आले. प्यायचं पाणी मात्र अजून समोरच्या नदीतूनच आणतात.

आज बायका दबक्या आवाजात बोलताहेत. पनामाच्या पोलिसांनी नथीवर बंदी घातलीय आणि मोलावरही. मोला म्हणजे कापडाचे थर कापून शिवलेल्या नक्षीची चोळी. नथ उतरवायला लावणं म्हणजे काय, हे तुम्हाला समजावून सांगायला नको. २५ तारखेला इथल्या बेटांवर उठाव होतो. बंडाच्या झेंड्यावर स्वस्तिक पाहून दचकू नका, त्याचा हिटलरशी संबंध नाही. पुढच्याच महिन्यात तह होतो आणि रीतिरिवाज जपण्याचा हक्क मिळतो.

मग काही दशकं ओलांडा. पाण्यात उतरलेली तरुण मंडळी प्रवाळ फोडून होडीत भरताहेत. घरात माणसं वाढली की समुद्रात भर टाकायची आणि वर खोली काढायची. लाटा अडवणारा हा प्रवाळाचा बांधच फोडून जमीन केली जातेय! त्यांना हटकावंसं वाटेल. पण दुसरा दगड आणणार कुठून? आणि बेट बुडायला लागलंय ते काही एवढ्यानंच नाही: समुद्राची पातळी सगळ्या जगाच्या धुरानं वाढतेय, आणि इथं धूर चुलीपुरताच.

२०१०. सभागृहात साहिला, म्हणजे गावचा मुखिया, झोळीत पहुडलाय आणि चर्चा लांबलीय. माणसं मावेनात आणि पाणी चढतंय, म्हणून पुन्हा मुख्य भूमीवर जायचं ठरतं. सरकारनं हाकललं म्हणून नव्हे, गावानं आपण होऊन ठरवलं. जागाही गुनांचीच. उरतो फक्त सरकारी घरांचा प्रश्न, आणि त्याला चौदा वर्षं लागतात. मला इथं समुद्रापेक्षा फायलींचाच राग जास्त येतो. तोवर दर हिवाळ्यात वारा सुटला की पाणी घरात शिरतं आणि पोरं घोट्याएवढ्या पाण्यातून शाळेत जातात.

जून २०२४. होड्यांत गाद्या, पातेली, कपड्यांची गाठोडी. पैलतीरी इस्बेरयाला: जंगल तोडून केलेल्या जागेवर तीनशे एकसारखी घरं, आखीव रस्ते. संडास घराच्या आत! बेटावर तो फळ्यांवरून चालत जाऊन समुद्रावर होता. कुणी हरखलंय, कुणी छपराखालच्या उकाड्यानं वैतागलंय. मासेमारीला निघायचं तर आधी बंदर गाठायला हवं.

काही कुटुंबं बेटावरच राहिलीत. त्यांच्याकडे होडीनं जाता येतं. वाटेत अशीच गच्च भरलेली आणखी बेटं लागतील, आणि तिथल्या माणसांच्या घरांचा प्रश्न उरतोच.